जेवणाच्या टेबलावरून सुटणारी गाडी

मोबाइलवर असे व्हिडिओ तुम्ही नक्की बघितले असतील. प्लायवूडची एक मोठी फळी. तिच्यावर रूळ, थर्माकोल कोरून केलेला डोंगर, रंगवलेल्या भुशाचं गवत, आगपेटीएवढं स्टेशन आणि फलाटावर बोटाच्या पेराएवढी माणसं. मग बोगद्यातून छोटं इंजिन बाहेर येतं आणि कॅमेरा इतका खाली असतो की क्षणभर खरीच गाडी वाटते. मांडणारा माणूस बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेला असतो आणि त्याचा चेहरा मात्र चौथीतल्या पोराचा.

आपल्याकडे हे वेड नाही असं समजू नका. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छंदापायी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी कुणी कुणी तिथे जाऊन आलंही असेल. पण एका मराठी घरातली सर्वांत गाजलेली छोटी रेल्वे पुण्यात नाही. ती आहे ग्वाल्हेरला, जयविलास राजवाड्यात, जेवणाच्या टेबलावर. चांदीची! आणि ज्याच्या हौसेतून ती आली त्या माणसाने नुसती टेबलावर गाडी फिरवली नाही, तर शेकडो किलोमीटर खरे रूळही टाकले. त्यांचं नाव माधवराव शिंदे, ग्वाल्हेरचे महाराज. जन्म १८७६, मृत्यू १९२५.

नाव ओळखीचं वाटलं ना? तुमच्या आईवडिलांना जे माधवराव शिंदे आठवतात, म्हणजे काँग्रेसचे नेते, ते यांचे नातू. आजोबांचंच नाव नातवाला ठेवलेलं. योगायोग बघा, १९८०च्या दशकात हे नातू देशाचे रेल्वे राज्यमंत्री झाले आणि पहिली शताब्दी एक्स्प्रेस १९८८ मध्ये त्यांच्याच काळात धावली. पण आजची गोष्ट आजोबांची.

आता तुम्ही विचाराल, ग्वाल्हेरच्या राजाचं आपल्याला काय? तर जरा आपल्या भोकरदन तालुक्याकडे बघा. धावड्याहून जालन्याला कॉलेजला जाताना भोकरदन लागतं. २३ सप्टेंबर १८०३ ला याच भोकरदनच्या आसपास मराठी फौजांचा तळ पडला होता आणि केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला, मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आपण हरलो. त्या पराभवानंतर शिंद्यांची दख्खनेतली ताकद संपली आणि त्यांचं घराणं ग्वाल्हेरात स्थिरावलं. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं हे घराणं उत्तरेत मराठी बोलत राहिलं. दौलतरावांच्या गादीवर दोन पिढ्या दत्तक आल्या आणि त्यानंतर आले माधवराव. म्हणजे आपल्या शिवारात जे राज्य तोफांपुढे वाकलं, त्याच राज्याच्या वारसाची ही गोष्ट आहे.

अठराव्या वर्षी मिळालेलं राज्य

वडील जयाजीराव १८८६ मध्ये गेले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. कारभार एका मंडळाकडे गेला आणि हा मुलगा शिकत राहिला. आई सख्याराजे यांच्यावर त्यांचा फार जीव. पुढे शिवपुरीला त्यांनी आईची छत्री बांधली, आणि त्यांची स्वतःची संगमरवरी छत्री तिच्या समोरच आहे.

रेल्वे या घरात आधीपासून होती, पण कर्जाच्या रूपात. जयाजीरावांनी १८७२ मध्ये आग्रा ते ग्वाल्हेर मार्गासाठी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. इंदूर ते नीमच मार्गासाठी पुढच्याच वर्षी जवळजवळ तेवढेच. म्हणजे पैसा शिंद्यांचा, रूळ इंग्रजांचे, गाडीही त्यांचीच. लहानपणी हे सगळं बघत मोठा झालेला मुलगा गाडीकडे दोन नजरांनी बघत असणार असं मला वाटतं. एक तर कुठल्याही मुलाला वाटतं तसं, वाफ, शिटी, चाकं! आणि दुसरं, ही आपली का नाही?

१८९४ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हातात आले. अठरा! तुम्ही या वयात एफवायच्या ॲडमिशनची तिसरी यादी बघत होता. १८९५ मध्ये त्यांनी सरकारकडून स्वतःच्या रेल्वेची परवानगी मिळवली. तिचं नाव ग्वाल्हेर लाइट रेल्वे.

इथे थोडं तांत्रिक बोलू, कारण खरी गंमत तिथेच आहे. जालना स्टेशनात उभे राहून रुळांमधलं अंतर बघा. ते १६७६ मिलिमीटर आहे, त्याला ब्रॉडगेज म्हणतात. माधवरावांनी निवडलं फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. तुम्ही माथेरानच्या गाडीत बसला असाल तर तेवढंच. माथेरानची गाडी मात्र नंतरची, १९०७ ची. इतक्या अरुंद गाडीत समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागतात. जवळून बघितलं तर ती खेळण्यातलीच वाटते. खेळण्यातल्या गाड्यांवरून ही कल्पना सुचली असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण निवडीमागे चोख हिशेब होता. रूळ अरुंद म्हणजे भराव कमी, पूल लहान, पट्ट्या हलक्या, वळण तीव्र चालतं, डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. एका मोठ्या मार्गाच्या पैशात दोन-तीन छोटे मार्ग होतात. चंबळच्या घळींच्या मुलखात, जिथे पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा रुतून बसते, तिथे गाव गाठायचं तर हे परवडणारं होतं.

तोटेही होतेच. वेग कमी. आणि खालच्या गावातून आलेलं धान्याचं पोतं ग्वाल्हेरला उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावं लागे, कारण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर जाऊ शकत नाही. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट. पुढे ट्रक आले तेव्हा याच गोष्टीने तिचा घात केला.

पण ते नंतरचं. सुरुवातीला काम झपाट्याने झालं. ग्वाल्हेर ते भिंड ५३ मैल आणि ग्वाल्हेर ते शिवपुरी ७४ मैल असे दोन मार्ग तयार झाले. आधी मालगाड्या धावल्या. १८९९ मध्ये व्हाईसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हा माधवराव तेवीस वर्षांचे होते. नंतर तिसरा फाटा निघाला, जौरा, सबलगढ करत १९०९ मध्ये श्योपूरला पोचला. जवळजवळ २०० किलोमीटरचा हा मार्ग दोन फुटी रुळांवरच्या जगातल्या सर्वांत लांब मार्गांपैकी एक गणला गेला. श्योपूर म्हणजे तेच, जिथल्या कुनोच्या जंगलात २०२२ मध्ये चित्ते सोडले.

आणि हो, महाराज स्वतः इंजिन चालवायचे. फोटोपुरतं नव्हे, खरोखर. त्यांना यंत्रांचं वेडच होतं.

टेबलावरची गाडी

आता चांदीच्या गाडीकडे येऊ. त्यासाठी आधी त्या काळातल्या खेळण्यातल्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. बराच काळ अशा गाड्या जमिनीवर ढकलायच्या किंवा चावी देऊन सोडायच्या असत. प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी, त्यामुळे एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि गाड्या मांडल्या. मग चित्र बदललं. आज इंजिन घ्या, दिवाळीला दोन डबे, पुढच्या वर्षी एक सांधा आणि एक सिग्नल. खेळणं संपायच्या ऐवजी वाढू लागलं. घरातल्या रेल्वेची मांडणी ही कल्पना खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने पुढे हुबेहूब छोट्या गाड्या करून या छंदाला मोठ्या माणसांत मान मिळवून दिला. वीज घरात आल्यावर गाड्याही विजेवर चालू लागल्या.

पण घरात वीज होती कुणाच्या? श्रीमंतांच्या. आणि जयविलास राजवाड्यात होती.

हा राजवाडा जयाजीरावांनी १८७४ मध्ये बांधला, मायकल फिलोज यांच्या आराखड्यावर. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टन वजनाची दोन झुंबरं आहेत आणि छत ती पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते असं तिथे गेल्यावर प्रत्येक गाइड सांगतो. त्या वाड्याच्या जेवणघरात एक लांबच लांब टेबल आहे. टेबलावर बारीक रूळ, गोल फिरून परत येणारे. त्यावर चांदीचं इंजिन आणि मागे सात डबे. प्रत्येक डब्यावर एक इंग्रजी अक्षर, सगळे मिळून शिंदे घराण्याचं इंग्रजी नाव होतं. डब्यांमध्ये काचेच्या सुरया, त्यांत मद्य, आणि सोबत सिगार. जेवण आटोपलं की गाडी सुटायची.

तिची युक्ती फार साधी आहे. छोट्या विजेच्या गाडीला ताकद रुळांतून मिळते. रुळातून वीज चाकात, चाकातून मोटरीत, आणि परत. हे वर्तुळ कुठेही तुटलं की गाडी थांबते. इथे ते वर्तुळ सुरईशी जोडलेलं होतं. गाडी तुमच्यासमोर आली, तुम्ही सुरई उचलली, की गाडी जागेवर उभी. पेला भरून सुरई जागच्या जागी ठेवली की गाडी पुढच्या पाहुण्याकडे. स्टेशन म्हणजे तुमचं ताट आणि सिग्नल तुमच्या हातात! ज्यांनी अकरावीत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सर्किट जोडलंय त्यांना हे काही अवघड वाटणार नाही. पण ही कल्पना सुचणं आणि ती चांदीत उतरवणं वेगळं.

घरातली रेल्वे मांडणारे लोक एक गोष्ट सगळ्यांत आधी शिकतात. गाडी महत्त्वाची नाही, प्रसंग महत्त्वाचा. नुसतं गोल फिरणारं इंजिन पाच मिनिटांत कंटाळवाणं होतं. त्याच्या वाटेवर फाटक असेल, फाटकाशी थांबलेली बैलगाडी असेल, पलीकडे घंटा वाजवणारा माणूस असेल, तर माणूस बघत राहतो. माधवरावांच्या टेबलावर डोंगर नव्हता, बोगदा नव्हता. त्यांच्या मांडणीतली माणसं खरी होती. रेसिडेंट साहेब, गव्हर्नर, संस्थानिक, त्यांच्या बायका. ताठ कॉलर, पदकं, आणि समोरून येणारी इवलीशी गाडी. तिच्यापुढे भलेभले लहान पोरासारखे वाकून बघत असणार. मला विचाराल तर या गाडीची खरी गंमत चांदीत नाही, त्या वाकण्यात आहे. असईला ज्यांच्यापुढे हे घराणं वाकलं, त्यांच्याच पोरा-नातवांना शिंद्यांच्या टेबलावर आपल्या पेल्यासाठी गाडीची वाट बघत बसावं लागत होतं.

आणि गाडीचा ताबा महाराजांकडे. एखादा पाहुणा आवडला नाही तर गाडी त्याच्यासमोरून न थांबता निघून जायची, असं सांगतात. एकदा व्हाईसरॉयच्या मेजवानीत तारांमध्ये काहीतरी बिघडलं, गाडी सुसाट सुटली आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर पेयं उडाली, हाही किस्सा भरपूर तिखटमीठ लावून सांगितला जातो. माधवराव थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे लोकांना तो लगेच पटतो.

हौस आणि हिशेब

एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, मजेत जगलेला एक राजा. तसं नव्हतं. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला तेव्हा ते इंग्रज सेनापतीसोबत तिथे गेले आणि ग्वाल्हेर नावाचं एक रुग्णालय-जहाज स्वतःच्या खर्चाने दिलं. १९०५ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरची जत्रा सुरू केली, ती आजही भरते. टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहताना चालू भांडवल कमी पडलं, तेव्हा ४ लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. देशातल्या पोलादाला लागलेला हा मोठा हातभार होता, आणि त्याच कारखान्यातून पुढे रूळ बाहेर पडले. वडिलांनी इंग्रजांच्या रेल्वेला पैसे दिले. मुलाने आपल्या माणसांच्या पोलादाला दिले.

पहिल्या महायुद्धात आणखी एक जहाज. कॅनडाच्या एका कंपनीचं एम्प्रेस ऑफ इंडिया हे प्रवासी जहाज १९१४ मध्ये विकत घेऊन त्याचं जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय केलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी, म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपल्यावर हे जहाज मुंबईच्या एका नव्या कंपनीने घेतलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी काढलेल्या त्या कंपनीचं नावच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज जहाज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेलं हे देशी जहाज, आणि नाव मात्र राजनिष्ठा! ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो तो याच सफरीमुळे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

खासगी आयुष्यात मात्र त्यांची गाडी एकदा चांगलीच रुळावरून घसरली. पहिल्या राणी चिंकूराजे यांना मूल नव्हतं. म्हणून बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे हिच्याशी त्यांचं लग्न ठरलं. ती एकोणीस वर्षांची, इंग्लंडमध्ये शिकलेली, हे पस्तिशीचे आणि घरात पडद्याची चाल. १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेची भेट कूचबिहारच्या राजपुत्राशी झाली आणि तिने सरळ माधवरावांना पत्र लिहून लग्न मोडलं. तिच्या आईवडिलांना हे कळलं ते माधवरावांची तार आली तेव्हा! त्या काळात राजाला मुलीने नकार देणं म्हणजे काय, कल्पना करा. माधवरावांनी तमाशा केला नाही. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. इंदिराराजेची मुलगी म्हणजे जयपूरच्या गायत्रीदेवी.

गजराराजेंना दोन मुलं झाली. मुलीचं नाव मेरी कमलाराजे, मुलाचं जॉर्ज जिवाजीराव. इंग्लंडच्या राजाराणीची नावं! जिवाजीराव जन्मले १९१६ मध्ये. त्याच वर्षी बेळगावला टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. इथे मला माधवराव अवघड जातात. कारभारात शिस्त होती, धरणं बांधली, रेल्वे उभारली, उद्योगांना पैसा दिला. पण इंग्रजांपुढे मान तुकवलेलीच राहिली, आणि राज्यात शेवटचा शब्द एकाच माणसाचा होता. रूळ कुठे जातील, ते तोच ठरवणार. टेबलावरच्या रेल्वेला हे चालतं. मांडणाऱ्याने डोंगर उचलून दुसरीकडे ठेवला तर भुशाचं गवत तक्रार करत नाही. खऱ्या मुलखात गावं असतात, आणि त्यांना विचारायची पद्धत त्या राज्यात नव्हती. शिवपुरी ही राजघराण्याची उन्हाळ्याची राजधानी आणि शिकारीचं जंगल. तिकडे रूळ आधी पोचले यात लोकांच्या सोयीसोबत राजाची सोयही होती, हे मान्य करायला हवं. ते जंगल आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे.

तरीही तुलना करायची तर बाकीच्या संस्थानिकांशी करा. त्या काळी रोल्स-रॉइसच्या रांगा लावणारे, कुत्र्यांची लग्नं लावणारे राजे होते. यांचं खेळणं निदान तिकीट काढून कुणालाही वापरता येत होतं. शंभराहून जास्त वर्षं भिंडचा शेतकरी, सबलगढचा व्यापारी, श्योपूरची बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक त्या दोन फुटी रुळावरून गेली. महाराजांची हौस त्यांच्या टपावर बसण्याच्या कामी आली. टपावर म्हणजे खरोखर टपावर. श्योपूरच्या गाडीचे शेवटच्या वर्षांतले फोटो बघा, डबा दिसत नाही इतकी माणसं वर बसलेली असतात.

५ जून १९२५ ला पॅरिसमध्ये माधवराव गेले. वय अठ्ठेचाळीस. जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते, जवळजवळ त्याच वयाचे ज्या वयात वडिलांना गादी मिळाली होती. पुन्हा कारभारी मंडळ, पुन्हा वाट बघणं. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं आणि १९५१ मध्ये ही छोटी रेल्वे मध्य रेल्वेत गेली. शिवपुरीचा फाटा आधी बंद पडला. भिंडला ब्रॉडगेज आलं. श्योपूरची गाडी तेवढी रखडत, दहा-अकरा तास घेत चालत राहिली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सगळ्या गाड्यांसोबत तीही थांबली. बाकीच्या सुरू झाल्या, ती पुन्हा निघाली नाही. त्या मार्गावर आता ब्रॉडगेजचं काम चालू आहे.

टेबलावरची गाडी मात्र शाबूत आहे. १९६४ पासून जयविलासच्या मोठ्या भागात संग्रहालय आहे आणि जेवणघरात ती रुळांवर उभी दिसते. सुरया जागेवर, टेबलाभोवती खुर्च्या मांडलेल्या.

आता आपल्याकडचं. जालन्याला रेल्वे आली १९०० मध्ये, तीही एका संस्थानिकाच्याच मुलखातून. निजामाच्या राज्यातली मनमाड ते हैदराबादकडे जाणारी मीटरगेज. म्हणजे ग्वाल्हेरची छोटी गाडी आणि जालन्याची गाडी साधारण एकाच वयाच्या. जालन्याहून उत्तरेला भोकरदनकडे मात्र रूळ कधी वळले नाहीत. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई, सगळा भाग रस्त्यावर अवलंबून. मिरची निघाली की ट्रक आणि टेम्पो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली आहे, तो अजिंठ्याकडून जाणार आहे. दोन फुटी नाही, ब्रॉडगेज. तोवर धावड्याहून गाडी पकडायची तर एसटीने जालना.

जालन्यावरून नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस मिळते आणि ती ग्वाल्हेरला थांबते, मध्ये कुठे बदलायची गरज नाही. सुट्टीत चार जण मिळून गेलात तर जेवणघरात जरा जास्त वेळ थांबा. रूळ टेबलाच्या कडेने कसे वळवलेत ते खाली वाकून बघा.